दिवा विझला तर आधी पाहावे, मग हात लावावा
(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण पाककृती, शिवणकाम, मुलांचे आजार अशा विषयांवर ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुमच्या घरच्या त्या समुद्राच्या टाकीविषयी बोला." संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या पुष्कळजणींनी ती टाकी पाहिली आहे. निळ्या उजेडात डोलणारी मऊ फुले पाहून "ही प्लॅस्टिकची का हो?" असे विचारणाऱ्याही होत्या. मी सातवीपर्यंत शिकलेली. मोठे शास्त्रीय शब्द मला येत नाहीत. परंतु मुलगा 2021 साली नोकरीसाठी परगावी गेल्यापासून ती टाकी मीच सांभाळते. तिचा दिवा बिघडला म्हणजे कशानंतर काय तपासावे, एवढे मला अनुभवाने कळले आहे. तेवढेच आज सांगणार आहे.

प्रथम टाकीत काय आहे ते सांगते. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. काठोकाठ भरली तर सुमारे 190 लिटर पाणी मावते. वाळू व दगड वजा जाता दीडशेच्या आसपास राहते. पाणी खारे, लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ. त्यात केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे आणि ती फुले. ही फुले झाडाची नव्हेत. ते प्राणी आहेत. आपण दागिन्यात पोवळे घालतो, त्याच्या दूरच्या नात्यातले. त्यांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे बारीक शेवाळ राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा या प्राण्यांना देते. म्हणजे वरचा दिवा ही नुसती शोभा नाही, ती त्यांची चूल आहे. चूल विझली की घर उपाशी.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगते. कठीण सांगाड्याचे प्रवाळ आपल्या देशात 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते समुद्रातून काढणे किंवा विकणे गुन्हा आहे. आमच्याकडे फक्त मऊ जातीचे आहेत, अळंब्यासारखे दिसणारे. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. तिकडे कोणी सहलीला गेलात तर आठवण म्हणून तुकडाही उचलू नका.

आता दिव्याकडे वळते. दिवा विझला म्हणजे घरात पहिली गडबड उडते ती "आता सारे मरणार" अशी. तसे काही होत नाही. समुद्रावरही चार दिवस आभाळ भरून येतेच. एक-दोन दिवस अंधार झाला तर ही फुले मिटून बसतात, मरत नाहीत. खरी घाई असते ती पाणी फिरवणाऱ्या पंपाची. पंप थांबला तर पाण्यातला प्राणवायू काही तासांत कमी होतो आणि मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. म्हणून वीज गेली किंवा दिवा विझला की मी आधी पंप पाहते. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप खणात तयार असतो. पंप चालू आहे म्हटल्यावर मन शांत ठेवून दिव्याकडे जावे. घाईत विजेला लावलेला हात हा सर्वांत मोठा धोका.

हात लावण्यापूर्वीचे माझे नियम चार आहेत. हात आणि पायाखालची जमीन कोरडी असावी. नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग सॉकेटमधून काढावा. दिवा टाकीवरून उचलून बाजूच्या टेबलावर घ्यावा. पाण्यावर धरून खटपट करू नये. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दिवा लागेलही, पण कशाने लागला ते कळणार नाही, आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच.

या नियमांची किंमत मला 2022 च्या आषाढात कळली. संध्याकाळी दिव्याचे बटण दाबले की कधी लगेच, कधी दहा मिनिटांनी, घरातली सारी वीज जाई. मीटरजवळ आरसीसीबी नावाचा खटका असतो, तो खाली पडे. हा खटका काय करतो, ते प्रत्येकीने समजून घ्यावे. घरात जेवढी वीज जाते तेवढीच परत येते का, हे तो सतत पाहतो. मध्येच कुठे गळती झाली, म्हणजे ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून वीज जमिनीत जाऊ लागली, तर तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. घरगुती खटका बहुधा 30 मिलिअँपिअरचा असतो. एवढी बारीक गळती तो पकडतो, म्हणूनच माणूस वाचतो.

आम्ही बोलावलेला वायरमन म्हणाला, "हा खटका फार नाजूक आहे. टाकीची लाइन त्याच्या बाहेरून काढून देतो, कटकट मिटेल." यजमानांनाही ते पटू लागले होते, रोज पंखे बंद पडून सारे कंटाळले होते. पण माझी धाकटी मुलगी दर रविवारी त्याच खाऱ्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून काच पुसते. मी म्हटले, "खटका बोंब मारतो आहे, त्याचे तोंड कशाला बांधायचे? गळती कुठे आहे ती शोधू." वायरमन जरा रागावून गेला. मी त्याला त्याचे पैसे दिले आणि शोधायला बसले.

टाकीचे सारे प्लग काढले. मग एकेक लावून अर्धा अर्धा तास वाट पाहिली. त्या वेळात पाण्यात कोणी हात घालायचा नाही, अशी घरात ताकीद होती. पंप लावला, खटका पडला नाही. पंखा लावला, पडला नाही. दिवा लावला, पडला. कोणीही म्हणेल, दिवाच खराब. पण मी तोच दिवा समोरच्या भिंतीवरच्या कोरड्या सॉकेटमध्ये लावला. तो तीन तास जळला आणि खटका जागचा हलला नाही. म्हणजे दिवा चांगला. दोष तो ज्या सॉकेटमध्ये लावत होतो त्याचा.

एक्स्टेन्शन बोर्ड टाकीखालच्या कपाटात ठेवलेला होता. मांडणी पहिल्यापासून तशीच होती. दिव्याची वायर टाकीवरून सरळ खाली सॉकेटमध्ये उतरत होती, आणि वायरीवरून खारे थेंब ओघळत त्यातच जात होते. दुसऱ्या वायरमनने बोर्ड भिंतीपासून सोडवून उघडला तेव्हा दिव्याच्या सॉकेटमध्ये पांढरे मीठ आणि तांब्याचा हिरवा गंज साचलेला दिसला. पावसाळी हवेत ते मीठ ओलसर होई आणि त्यातून वीज गळे. नवा बोर्ड आम्ही टाकीच्या बाजूला, पाण्याच्या पातळीहून उंच, भिंतीवर बसवला. प्रत्येक वायर आधी सॉकेटच्या खाली झोळीसारखी सोडून मग वर घेतली, म्हणजे थेंब झोळीच्या तळाशी गळून पडतो. खर्च काहीशे रुपयांचा. खटका तेव्हापासून त्या कारणाने पडलेला नाही. त्यावर चाचणीचे लहान बटण असते. ते मी महिन्यातून एकदा दाबून पाहते. खटका पडला तर तो जिवंत आहे असे समजायचे. ज्यांच्या घरी टाकी नाही त्यांनीही हे करावे. वॉशिंग मशीन आणि गीझर तर घरोघरी आहेत.

आता दिव्याच्या लक्षणांवरून काय ओळखावे ते थोडक्यात सांगते.

दिवा अजिबात लागत नसेल तर प्रथम त्याच सॉकेटमध्ये दुसरे काही, टेबललॅम्प वगैरे, लावून पाहावे. तो लागला तर सॉकेट ठीक. मग टायमर. चक्राचा टायमर असेल आणि वीज दोन तास गेली असेल तर त्याचे घड्याळही दोन तास मागे पडते. दिवा बिघडलेला नसतो, त्याची वेळ झालेली नसते. टायमर मधून काढून दिवा थेट लावला की उलगडा होतो.

दिवा तासाभराने आपोआप विझत असेल आणि गार झाल्यावर पुन्हा लागत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. एलईडी दिव्याच्या पाठीवर लहान पंखा असतो. त्यात धूळ आणि मीठ बसले की तो अडतो, दिवा तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. प्लग काढून मऊ ब्रशने पंखा साफ करावा.

दिवा लुकलुकत असेल तर जोड सैल आहे का, पिनांवर गंज आहे का ते पाहावे. ट्यूबचा दिवा असेल तर ट्यूबची टोके काळी पडली आहेत का ते बघावे. अशी ट्यूब जळत असली तरी म्हातारी झालेली असते, बदललेली बरी.

दिवा नीट जळतो आहे, तरी फुले लांब होऊन वर ताणली जात आहेत किंवा उघडत नाहीत, असे दिसले तर टाकीवरच्या काचेकडे पाहावे. तिच्यावर मिठाचा थर बसला की उजेड वरच अडतो. काच काढून व्हिनेगरने पुसून साध्या पाण्याने धुवावी.

राहिला अर्धा अंधार. 2024 साली आमच्याकडे तेच झाले. निळा उजेड लागे, पांढरा लागेना. दुकानदाराने फोटो पाहूनच "दिवा गेला, नवा घ्या" असे सांगितले आणि किंमत सांगितली अठरा हजार. आमच्या दिव्यात निळ्या आणि पांढऱ्या बल्बांच्या वेगवेगळ्या माळा आहेत, आणि दोन्हींना वेगवेगळे ॲडॉप्टर. दिवाळीच्या जुन्या माळेत एक बल्ब गेला की सारी माळ विझे, तसे यातही होऊ शकते. म्हणून प्रश्न एवढाच होता, माळ गेली की ॲडॉप्टर? मी दोन्ही ॲडॉप्टरांवरचे व्होल्ट आणि अँपिअरचे आकडे कागदावर उतरून घेतले. ते अगदी सारखे होते. आकडे सारखे नसते तर पुढचे पाऊल मी टाकले नसते, कारण चुकीच्या आकड्यांच्या ॲडॉप्टरने बल्ब जळू शकतात. प्लग काढून दोन्ही ॲडॉप्टरांची अदलाबदल केली. आता पांढरा लागला आणि निळा विझला. अंधार ॲडॉप्टरबरोबर सरकला, म्हणजे दोष ॲडॉप्टरचा, माळा दोन्ही चांगल्या. त्याच आकड्यांचा नवा ॲडॉप्टर अकराशे रुपयांना मिळाला. यासाठी पदवी लागली नाही. इंग्रजी अक्षरे मी सावकाश वाचते, पण आकडे तर आपण रोज दुधाच्या हिशेबात वाचतो.

दिवा दुरुस्त झाला की पहिल्याच दिवशी पूर्ण जोराने लावू नये. उपासाने थकलेल्या माणसाला आपण आधी पेज देतो. अंधाराची सवय झालेल्या या जिवांना एकदम तीव्र उजेड मिळाला तर त्यांच्या अंगातले शेवाळ निघून जाते आणि ती पांढरी पडतात. दिवा काही दिवस मंद ठेवावा आणि दहा-पंधरा दिवसांत हळूहळू नेहमीवर आणावा. मळकट काच धुतल्यावरही हेच करावे. एरवी दिवसाला आठ ते दहा तास उजेड पुरतो.

मी एक वही ठेवली आहे. काच कधी धुतली, पंखा कधी साफ केला, कोणता प्लग कोणत्या सॉकेटमध्ये आहे, हे त्यात लिहिलेले असते. बिघाड झाला की वही उघडते. अर्धे उत्तर बहुधा तेथेच मिळते.

भगिनींनो, "बायकांनी विजेच्या भानगडीत पडू नये" असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण विजेजवळ दिवसभर वावरते कोण? आपणच. सारेच आपण करावे असे माझे म्हणणे नाही. ॲडॉप्टरची पेटी मी कधी उघडत नाही. प्लग काढल्यावरही त्यात काही वेळ वीज साठून राहते, ते जाणत्याचेच काम. परंतु कोठपर्यंत आपण पाहायचे आणि कोठे थांबून जाणत्याला बोलवायचे, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. आणि जाणता म्हणवणारा माणूस संरक्षणाचा खटकाच काढून टाकू म्हणाला, तर त्याला "नको" म्हणण्याइतकी माहिती आपल्यापाशी हवी.

ज्यांना तो खटका आणि त्याचे चाचणीचे बटण कोठे असते ते पाहायचे असेल, त्यांनी या रविवारी दुपारी चारनंतर आमच्याकडे यावे. वहीही दाखवीन, आणि चहा तर होईलच.