लग्नातलं गाणं आणि हक्काचे पैसे

चिंचवडच्या मंगल कार्यालयात वरात येते, डीजेवर गाणी लागतात. त्यासाठी परवाना लागतो का? १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमाने धार्मिक विधीला सूट दिली आहे. वरात आणि लग्नाशी निगडित समारंभही त्यातच धरलेत. पण ही सूट कुठवर, यावर वाद आहे. गोवा सरकारने जानेवारी २०२४मध्ये परिपत्रक काढलं : लग्नसमारंभांसाठी रॉयल्टी मागू नये. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. मला हा निकाल रास्त वाटतो. सूट किती द्यायची ते कायद्याने ठरवावं, परिपत्रकाने नव्हे. शिवाय गीतकार-संगीतकारांनी रॉयल्टीचा हक्क फार झगडून मिळवलाय. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात ते चित्रपट निर्मात्यांपुढे हरले होते. कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर कुठे त्यांच्या रॉयल्टीला संरक्षण मिळालं. करारात सही घेऊनही निर्मात्याला ती आता काढून घेता येत नाही.

कंपनीच्या स्नेहसंमेलनाला मात्र लग्नाची सूट लागू नाही. तेव्हा भोसरी-चाकणच्या कारखानदारांनो, मांडव आणि जेवणाच्या खर्चासोबत गाण्यांच्या परवान्याचेही पैसे आधीच बाजूला काढा.