हरलेल्या फौजेचा शिपाई



१९४४ च्या उन्हाळ्यात दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरलं, पूर्वेकडून रशियन फौजा चाल करून येत होत्या. जर्मनी हरल्यात जमा होता. तरी जर्मन शिपाई मे १९४५ पर्यंत लढला. कशासाठी?

एडवर्ड शिल्स आणि मॉरिस जानोविट्झ या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९४८ साली यावर लेख लिहिला. युद्धकाळात दोघेही दोस्तांच्या प्रचारयंत्रणेत होते. युद्धकैद्यांच्या मुलाखतींतून त्यांना दिसलं, की हिटलरविरुद्धच्या राजकीय पत्रकांनी शिपाई फारसा हलत नव्हता. त्याचा जीव अडकला होता तो एका पंगतीला जेवणाऱ्या, एका खंदकात झोपणाऱ्या आपल्या टोळक्यात. पळून आलेले बहुतेक जण या टोळक्यात कधी रुळलेच नव्हते.

एक पत्रक मात्र चाललं. शरण येणाऱ्याला सुखरूप येऊ द्यावं, असा तो परवाना. वर राजमुद्रा, खाली आयझेनहॉवरची सही, थाट अगदी सरकारी दाखल्याचा. शिक्क्याच्या कागदाचं वजन आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको!

पण ओमर बार्टोव्ह या इतिहासकाराने पुढे नेमकी शंका काढली. रशियन आघाडीवर माणसं इतक्या वेगाने मरत होती, की सोबत जमायला सवड कुठली? त्याच्या मते शिपायाला धरून ठेवलं ते नाझी शिकवणीने आणि धाकाने. धाकाचं म्हणाल, तर पहिल्या महायुद्धात जर्मन लष्कराने आपल्या ४८ जणांना देहदंड दिला होता. दुसऱ्यात हा आकडा १५,००० च्या घरात गेला. शेवटच्या महिन्यांत तर गळ्यात पाटी अडकवलेली प्रेतं रस्त्याकडेच्या झाडांना लटकत होती.

मला या दोन्ही बाजूंचं पटतं, पण पुरतं नाही. एप्रिल १९४५ मध्ये पूर्वेला ओडर नदीपाशी हीच फौज रशियनांशी निकराने झुंजत होती, आणि त्याच महिन्यात पश्चिमेला ऱ्हूरच्या वेढ्यात तिच्यातले ३ लाखांहून अधिक शिपाई अमेरिकनांच्या हाती लागले. रशियात आपण काय करून आलो, हे शिपायाला ठाऊक होतं; म्हणून रशियनांच्या हाती पडायची त्याला धास्ती होती.

ऱ्हूरमधल्या फौजेचा सेनापती फील्डमार्शल मोडेल. शरणागतीवर सही करायला तो तयार नव्हता. त्याने लढाई थांबवली नाही, सैन्यच बरखास्त केलं. जी फौज उरलीच नाही, ती शरण कशी जाणार? २१ एप्रिलला त्याने रानात स्वतःवर गोळी झाडून घेतली. शिपाई तोवर हात वर करून बाहेर पडले होते.