कोल्हापूर ते गोंदिया : अंतर किती, वेळ किती?

लेक लांब दिलेली असली की निरोप आल्यावर पहिला प्रश्न एकच, पोचायला किती वेळ लागेल?

आज राज्याची दोन टोकं घेऊ. कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला, गोंदियाचा बिरसीला. नकाशावर सरळ रेघ ओढली तर अंतर सुमारे ८३० किलोमीटर. छोट्या विमानाचा वेग तासाला ५०० किलोमीटर धरला, तर चढणं-उतरणं मिळून दोन तास.

पण नुसत्या या दोन तासांवर जाऊ नका. थेट विमान नसेल तर वाटेत दुसरं पकडावं लागतं. मग हिशेब असा मांडा : घरून विमानतळ २ तास, सुटण्याआधी २ तास, दोन विमानांचे ४ तास, मध्ये थांबणं ३ तास, उतरल्यावर लेकीच्या घरापर्यंत १ तास. झाले १२ तास.

महाराष्ट्र एक्सप्रेस गाडी न बदलता गोंदियाला नेते. मात्र पुणे, मनमाड, भुसावळ, नागपूर असा वळसा घेते. अंतर १३०० किलोमीटरच्या वर, वेळ एका दिवसाहून जास्त.

म्हणून तिकीट काढणाऱ्याला विचारा, "आमच्या दारातून तिच्या दारापर्यंत किती तास?" मधला थांबा रात्रभराचा निघाला, तर रेल्वेच परवडते. आणि बाळंतपणाला जायचं असेल तर तारीख हातात असते. तिकीट आधीच काढा, चार दिवस अगोदर पोचा. लेकीला धीर येईल, तुमचीही धावपळ वाचेल.