प्रौढ बौद्धिक दिव्यांगांचे काळजीवाहक

बौद्धिक दिव्यांग मुलाची विशेष शाळा साधारणपणे अठराव्या वर्षी संपते आणि पुढचे सारे आयुष्य, विशेषतः आईवडिलांच्या माघारी, कोणाच्या भरवशावर जायचे, हा प्रश्न घरापुढे उभा राहतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर पुरेसा ताबा न राहणे, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी 1999 मध्ये राष्ट्रीय न्यास कायदा झाला व प्रौढपणीही कायदेशीर पालक नेमून घेण्याची सोय झाली. ती आवश्यकच होती. परंतु रोजची आंघोळ, जेवण, कपडे ज्यांच्या हातून होतात, त्या काळजीवाहकांच्या, म्हणजे निवासी संस्थांतील दादा आणि मावशींच्या, कामाचा विचार फार थोडा झाला आहे.

या कामाला माया लागते हे खरेच, पण तितकेच कसबही लागते. शर्टाची बटणे काळजीवाहक क्षणात लावून मोकळा होऊ शकतो, आणि सकाळच्या घाईत बहुधा तेच घडते. शिकवायचे असेल तेव्हा मात्र बटणाची कड चिमटीत धरणे, दुसऱ्या हाताने काज ताणणे, बटण अर्धे आत सारणे आणि पलीकडून ओढून घेणे, असे त्या कृतीचे टप्पे पाडले जातात. यालाच कार्यविश्लेषण म्हणतात. पहिले तीन टप्पे काळजीवाहक करतो व शेवटचा त्या व्यक्तीवर सोपवतो. तो जमला, की शेवटचे दोन. शेवटाकडून मागे सरकणाऱ्या या रीतीत काम पुरे केल्याचे समाधान पहिल्याच दिवशी शिकणाऱ्याच्या वाट्याला येते. हाताला हात धरून दिलेली मदत पुढे कोपराला स्पर्श, नंतर नुसती खूण, अशी कमी करत न्यायची असते, आणि समोरची बोटे चाचपडत असताना स्वतःचे हात आवरून धरणे हाच या कामातला सर्वांत अवघड भाग होय.

जी व्यक्ती बोलत नाही, तिच्या बाबतीत निरीक्षणाला फार मोल आहे. एरवी शांत असणारा चाळिशीचा माणूस एकाएकी डोके आपटू लागला, ताट दूर सारू लागला, तर त्याला हट्टी ठरवण्याआधी त्याची दाढ, कान, पोट तपासून घ्यावे, शौचाला कधी झाले ते पाहावे. कारण दुखणे सांगण्याचा दुसरा मार्ग कदाचित त्याच्यापाशी नसतो. ही पारख पुस्तकातून थोडी आणि सहवासातून पुष्कळ येते.

म्हणूनच तुटपुंज्या पगारामुळे काळजीवाहक काम सोडून जातो, तेव्हा केवळ एक जागा रिकामी होत नाही. पाणी हवे असताना कोण कसा हात हलवतो, फिटच्या गोळ्या कोण कशाबरोबर घेतो, कोणाला ताठ बसवून सावकाश भरवले नाही तर ठसका लागतो, हे सारे त्याच्याबरोबर जाते. प्रत्येकाच्या या खुणा वहीत लिहून ठेवण्याची शिस्त संस्थांनी लावलीच पाहिजे, पण ती वही वाचून माणूस ओळखू लागेपर्यंत नवा काळजीवाहक टिकावा, एवढे वेतन देण्याची जबाबदारी संस्थांची, शासनाची आणि देणगीदारांचीही आहे.