वेड्यांचे इस्पितळ बंद करणारे गाव



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला आमंत्रण दिले, तेव्हा बोनस, कंत्राटी पद्धत किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी एखाद्या विषयावर मी बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मनाच्या दुखण्याचा विषय सांगितल्यावर ते जरा थबकले आणि म्हणाले, "त्यासाठी डॉक्टरांना बोलवायला हवे." डॉक्टरांनी अवश्य बोलावे. निदान, औषध, औषधाची मात्रा हा त्यांचा प्रांत आहे आणि त्यात मी पाय ठेवणार नाही. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. पुढचे शिक्षण युनियनच्या कार्यालयातल्या कपाटाने केले. परंतु तीस वर्षे ते कार्यालय उघडताना आणि मिटताना एक गोष्ट ध्यानात आली, ती सांगण्याचा मला अधिकार आहे. घरातल्या कर्त्या माणसाचे मन बिघडले म्हणजे घरची मंडळी दोन प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात, आणि त्या दोहोंपैकी एकही वैद्यकशास्त्राचा नसतो. पहिला प्रश्न, "भाऊ, आता या वेळी याला न्यायचे कुठे?" आणि दुसरा, "याची नोकरी राहील ना?"

एक उदाहरण देतो. नाव-गाव सांगत नाही. भट्टीवर तिसऱ्या पाळीला काम करणारा गडी, वय अडतीस, हाताने कुशल. चार रात्री त्याला झोप नव्हती. पाचव्या रात्री, सगळे आपल्याविषयीच बोलतात असे म्हणून तो घरातून निघाला. बायको आणि धाकटा भाऊ त्याला धरून निघाले. खासगी दवाखान्याचे शटर खाली. सरकारी दवाखान्यात सांगितले, मनाचे डॉक्टर मंगळवारी येतात. त्या दिवशी गुरुवार होता. पोलीस चौकीवर न्यावे तर माणसाने गुन्हा केलेला नाही. शेजाऱ्याने एका देवस्थानाचे नाव सुचवले. शेवटी ती तिघे युनियनच्या कार्यालयात आली आणि उजाडेपर्यंत बाकावर बसून राहिली. चहा होता, पंखा होता, ओळखीचा माणूस होता. त्याखेरीज दुसरे काही नव्हते.

पुढे उपचार झाले आणि तीन महिन्यांत गडी पुष्कळ सावरला. दरम्यान घरच्यांनी लाजेपोटी रजेच्या अर्जावर पोटाचा विकार असे लिहिले होते. पोटाच्या विकाराचा दाखला कोण देणार? दाखला नाही म्हणून रजा नाही, रजा नाही म्हणून गैरहजेरी, आणि गैरहजेरीवरून हजेरीपटातून नाव कमी. तो बरा होऊन फाटकाशी आला, तेव्हा फाटक बंद होते. नंतर त्याचे दुखणे दुप्पट उलटले. डॉक्टरांनी औषध वाढवले. त्यांच्या हाती तेवढेच होते.

या दोन्ही प्रश्नांना एका गावाने एकदमच हात घातला. ते गाव आपल्याकडचे नाही. इटलीच्या ईशान्य टोकाला, समुद्राकाठी आहे. त्रिएस्ते त्याचे नाव. बंदराचे, गोद्यांचे गाव. लोकवस्ती दोन लाखांच्या आसपास. तेथे टेकडीच्या उतारावर सान जोव्हान्नी नावाचे वेड्यांचे इस्पितळ होते. १९०८ साली, ते गाव ऑस्ट्रियाच्या अमलाखाली असताना ते बांधलेले. झाडी सुंदर, इमारती सुंदर आणि भोवती भिंत. १९७१ साली त्यात सुमारे बाराशे माणसे होती. इटलीतला १९०४ सालचा कायदा असा होता की, स्वतःला किंवा दुसऱ्याला धोकादायक, अथवा चारचौघांत लाज आणणारा, असा माणूस कोंडावा. एकदा कोंडला की त्याचे नागरिकाचे हक्कही गेले. आपल्याकडे १९१२ सालचा इंग्रजी अमदानीतला कायदा होता, तो त्याचाच भाऊ शोभावा असा. आपण तो १९८७ च्या नव्या कायद्याने मोडला, पण तो नवा कायदा अमलात यायला १९९३ साल उजाडले.

१९७१ साली त्या इस्पितळाचे प्रमुख म्हणून फ्रांको बाझाल्या नावाचे डॉक्टर आले. तरुणपणी फॅसिस्टांच्या विरोधात काम केल्याबद्दल ते तुरुंगात जाऊन आलेले. आधी गोरित्सिया गावच्या इस्पितळात ते १९६१ पासून होते. तेथे पाऊल टाकताच तुरुंगातला वास पुन्हा आला, असे त्यांनी नमूद करून ठेवले आहे. पहिल्या दिवशी मुख्य परिचारकाने रात्री कोणाकोणाला बांधून ठेवले त्याची वही सहीसाठी पुढे केली, आणि त्यांनी सही करण्याचे नाकारले, असे सांगतात. सही न करणे ही कामगारांच्या चळवळीत मोठी गोष्ट असते. त्या एका नकारापुढे पुष्कळ काही चालू झाले.

सान जोव्हान्नीतले रुग्ण रिकामे बसलेले नव्हते. फरशा पुसणे, मुदपाकखाना, धोबीखाना, सारे तेच करीत. मोबदला काय, तर थोड्या सिगारेटी किंवा चिल्लर. आणि त्याला नाव दिले होते उपचार! काम केल्याने मन रमते, हे खरे आहे. पण मालकाला झाडू मारून घ्यायचा आहे आणि झाडू मारणाऱ्याला मजुरी द्यायची नाही, या व्यवहाराला दुसरे सोज्वळ नाव मी अद्याप ऐकलेले नाही. बाझाल्यांच्या काळात रुग्णांनी सहकारी संस्था काढली. १९७२-७३ ची ही गोष्ट. साठेक रुग्ण सभासद झाले, इस्पितळाच्या सफाईचे काम संस्थेने करारावर घेतले आणि बाहेरच्या कामगाराला जो दर, तोच त्यांना मिळू लागला. कालचा रुग्ण आज सभासद, हातात वेतन, आणि शनिवारी बाजारात जाऊन चपला घेणारा माणूस. त्याला आत कोंडून ठेवण्याचे कारण मग उरत नाही.

१९७३ सालच्या एका घोड्याची गोष्ट पुस्तकांत फार सांगतात. धोबीखान्याचा गाडा ओढणारा मार्को नावाचा घोडा म्हातारा झाला, तेव्हा त्याला खाटकाकडे धाडण्याचे ठरले. रुग्णांनी प्रांताच्या अध्यक्षाकडे अर्ज करून त्याला वाचवले. मग त्याच्याच नावाने लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा एक उंच निळा घोडा केला आणि त्याची मिरवणूक गावात काढण्याचे ठरवले. घोडा दारातून मावेना, तेव्हा दारच तोडावे लागले. मला स्वतःला घोड्यापेक्षा सहकारी संस्थेचे कौतुक अधिक आहे. तरी मोर्चात काहीतरी उंच लागते, हे आम्हां लोकांना ठाऊक असते.

आपल्यापैकी कोणी मनात म्हणत असेल की, असे दार उघडून टाकले आणि काही अनर्थ झाला तर? झाला होता. १९६८ साली गोरित्सियाच्या इस्पितळातून एक दिवसाच्या सुट्टीवर गेलेल्या रुग्णाने आपल्या पत्नीचा खून केला. बाझाल्यांवर खटला भरला गेला. ते निर्दोष सुटले. ही गोष्ट झाकून मी त्यांचे गुणगान करणार नाही. त्या बाईचे प्राण गेले, ते कशानेही भरून येत नाहीत. परंतु एका माणसाच्या कृत्यासाठी बाराशे जणांना जन्मभर कोंडायचे, हा न्याय आपण दुसऱ्या कोणत्याही जमातीला लावीत नाही. एका ड्रायव्हरने अपघात केला म्हणून सगळ्या ड्रायव्हरांना डांबत नाही.

आता मुख्य मुद्दा. इस्पितळ रिकामे करायचे ठरवले, म्हणून त्यांनी माणसांना फाटकाबाहेर सोडून हात झटकले नाहीत. १९७५ पासून गावाच्या निरनिराळ्या भागांत मानसिक आरोग्याची केंद्रे निघाली. पुढे जो नमुना जगाला माहीत झाला तो असा : साधारण साठ हजार वस्तीमागे एक केंद्र, साध्या घरासारखे घर, सहा-आठ खाटा, दिवस-रात्र, सातही वार उघडे, दाराला कुलूप नाही. माणूस बिथरला तर तो स्वतः येतो, नाहीतर त्याला घरचे आणतात. दोन-चार रात्री तेथे निजतो, बरे वाटले की घरी जातो, आणि दुसऱ्या आठवड्यात तीच परिचारिका त्याच्या घरी चहाला जाते. त्याचे सगळे ज्यांना ठाऊक, तीच माणसे पुढेही. नव्या डॉक्टरला नव्याने सारी कर्मकहाणी सांगण्याची पाळी येत नाही. मोठ्या इस्पितळात मोजक्या खाटा राखलेल्या, त्या अगदी निकडीच्या वेळेसाठी.

१३ मे १९७८ रोजी इटलीच्या संसदेने कायदा क्रमांक १८० केला. वेड्यांच्या इस्पितळांत नवे दाखले बंद. माणसाच्या इच्छेविरुद्ध उपचार करायचे तर दोन डॉक्टरांचे मत हवे, नगराध्यक्षाचा हुकूम हवा, न्यायाधीशाची मान्यता हवी; आणि मुदत सात दिवसांची, वाढवायची तर पुन्हा तोच मार्ग. नगराध्यक्षाच्या सहीचे मला विशेष वाटते. आपल्या गावातला एक माणूस कोंडला जात आहे, हे गावाने निवडून दिलेल्या माणसाला ठाऊक असलेच पाहिजे, अशी ती योजना. बाझाल्या १९८० साली वारले, त्याच वर्षी सान जोव्हान्नीचे इस्पितळ अधिकृतपणे बंद झाले.

सगळे गोड झाले असे मात्र समजू नये. इटलीच्या दक्षिणेकडे पुष्कळ ठिकाणी इस्पितळे बंद झाली आणि केंद्रे निघालीच नाहीत. भार पडला तो घरच्या बायांवर. त्रिएस्तेतही अलीकडच्या वर्षांत काटछाट होत असल्याची तेथल्या लोकांची तक्रार आहे. अमेरिकेचा अनुभव याहून कडू. १९५५ साली तेथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांनी गावोगाव केंद्रे काढण्याच्या कायद्यावर सही केली. इस्पितळे भराभर रिकामी झाली. केंद्रे ठरली होती त्यांच्या निम्मीच उभी राहिली. उरलेली माणसे रस्त्यावर आणि तुरुंगांत दिसू लागली. गिरणी बंद करताना मालक म्हणतो की, आता आधुनिकीकरण होणार. आणि देणी बुडवून जमीन विकतो. तो खेळ आम्ही पाहिलेला आहे. इस्पितळावरचा खर्च वाचला, तर तो रुग्णाच्या मागोमाग त्याच्या गल्लीत गेला पाहिजे. तो तिजोरीत परत गेला, तर ती सुधारणा नव्हे, टाळेबंदी आहे.

आपल्याकडे या वाटेने कोणी गेलेच नाही, असेही नाही. अमृतसरच्या इस्पितळाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाबरोबर त्याच्या नातलगांना राहायला बोलावले. आई, बायको, भाऊ तेथे राहून काळजी कशी घ्यावी ते शिकत आणि माणसाला घेऊन घरी जात. बाझाल्या गोरित्सियात येण्याआधीचे हे काम आहे, आणि आपल्याला त्याचे नावही ठाऊक नसते. दुसऱ्या टोकाला ६ ऑगस्ट २००१ ची एरवाडी. तमिळनाडूतल्या त्या दर्ग्याच्या गावी एका खासगी आश्रयस्थानात साखळदंडांनी बांधलेली माणसे आगीत सापडली. २८ जण दगावले. त्यांना पळता येत नव्हते.

त्यानंतर २०१७ सालचा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. साखळीने बांधण्यास मनाई. जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षा न करता सरकारने त्याची काळजी घ्यावी. आणि भ्रमलेला माणूस रस्त्यावर आढळला तर पोलिसांनी त्याला कोठडीत न ठेवता चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यावे, असे त्यात आहे. त्या कायद्याचे ९४ वे कलम मी आपल्याला मुद्दाम सांगतो. जिवाला किंवा दुसऱ्या कोणाला गंभीर धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, मग तो मनोविकारतज्ज्ञ नसला तरी, ७२ तासांपर्यंत तातडीचा उपचार करू शकतो. रुग्णाचा नेमलेला प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यावी. तेव्हा "मंगळवारी या" हे उत्तर कायद्याला धरून नाही.

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. रात्री बारा वाजता त्यांपैकी कोणते आपल्या गल्लीपासून किती लांब, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करावा. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारने टेली-मानस नावाची दूरध्वनीची सेवा चालू केली आहे. क्रमांक १४४१६. दिवस-रात्र चालते, मराठीतही बोलतात. हा क्रमांक लिहून घ्या. माझ्या कार्यालयाच्या दारावर तो मोठ्या अक्षरांत रंगवला आहे. पण फोन खाट अंथरू शकत नाही.

नोकरीच्या प्रश्नाला आपल्याकडे अर्धे उत्तर आहे आणि ते लोकांना माहीतच नाही. कामगार विमा योजनेत साध्या आजाराला वर्षात ९१ दिवस वेतनाच्या ७० टक्के मिळतात. याखेरीज क्षय, कर्करोग अशा दीर्घ आजारांची एक यादी आहे, आणि त्या यादीत तीव्र मनोविकार आहेत. दोन वर्षे सलग नोकरी आणि ठरलेली वर्गणी भरलेली असेल, तर त्या कामगाराला ८० टक्के दराने, एकंदर दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. आजारपणाचा लाभ चालू असताना कामगाराला कामावरून काढता येणार नाही, असे १९४८ च्या मूळ कायद्याचे ७३ वे कलम सांगत असे. भट्टीवरच्या त्या गड्याच्या अर्जावर पोटाच्या जागी मन लिहिले असते, तर निदान त्याची चूल पेटती राहिली असती. सरकारी नोकरीत २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचे संरक्षण आहे : काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरी जागा द्यावी लागते. खासगी कारखान्याला ते कलम लागू नाही. आणि रोजंदारीवाल्याला यातले काहीच नाही. २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांत रोजंदारीवर काम करणारे २६.४ टक्के होते. इतका मोठा दुसरा कोणताही व्यवसाय त्या यादीत नाही.

मग या गावात काय करता येईल? त्रिएस्तेइतके मागत नाही. नगरपालिकेच्या दवाखान्यात रात्रपाळीचा डॉक्टर आजही असतो. त्याच्या शेजारची, सध्या जुनी टेबले ठेवलेली खोली रिकामी करून तीन खाटा घालाव्यात. रात्रपाळीला शिकवून तयार केलेली एक परिचारिका, घरच्या माणसासाठी एक बाक, आणि जिल्ह्याच्या मनोविकारतज्ज्ञाचा फोन भिंतीवर. पुढच्या महिन्यात पालिकेच्या अंदाजपत्रकावर चर्चा आहे. तेव्हा ही मागणी लेखी जाणार आहे, आणि तिच्यावर कामगारांच्या सह्या आहेतच, दुकानदारांच्या, शिक्षकांच्या आणि गृहिणींच्याही हव्या आहेत. अर्ज बाहेर पुस्तकांच्या टेबलावर ठेवला आहे. विम्याच्या दीर्घ आजाराच्या लाभाची माहितीपत्रके त्याच्याच शेजारी आहेत. ज्यांना उघडपणे घ्यायला संकोच वाटेल, त्यांनी व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकेत घडी करून न्यावीत. मी दहा वाजेपर्यंत तेथेच उभा आहे.