मॅट्रिक्स आणि डाळिंबाची कॅरेट
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



इंदापूर तालुक्यातून एसटीने बारामतीला आपल्या शाळेत येणारी मी. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी गणितात नापास झाले, हे तुमच्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल. मॅट्रिक्सचा गुणाकार डोक्यात शिरेना. बेरीज सरळ असते, जागेवरचा आकडा जागेवरच्या आकड्यात मिळवायचा. मग गुणाकारातच एकाची आडवी ओळ आणि दुसऱ्याचा उभा रकाना का? सुट्टीत घरी आले ती परत जायचं नाही असं ठरवूनच. घरात स्थळांच्या गोष्टीही सुरू झाल्या होत्या.

आण्णा ओसरीवर डाळिंबाचा हिशेब करत होते. आकडे आज सोपे करून सांगते. सोमवारी मोठ्या मालाची १० कॅरेट, बारीकची २०. गुरुवारी २० आणि १०. इंदापुरात कॅरेटला भाव ३०० आणि २००, बारामतीत ३२० आणि १८०. आण्णा पुटपुटत होते, "दहा मोठी तीनशेनं, वीस बारीक दोनशेनं, सोमवारी इंदापूर सात हजार. बारामती सहा हजार आठशे." गुरुवारी मात्र इंदापूर ८,०००, बारामती ८,२००. वहीत कॅरेटची ओळ आडवी, बाजाराच्या भावाचा रकाना उभा. हाच तो गुणाकार! आर्थर केली यांनी १८५८ साली निबंधात मांडलेला नियम आण्णा पेन्सिलीशिवाय वापरत होते.

मी गुणाकार उलटा करून पाहिला, आधी भाव, मग कॅरेट. उत्तरं आली, पण एका घरात मोठ्या मालाचा भाव बारीक मालाला लागला! तक्त्याला मथळे नसले की आपले सर अर्धा गुण कापायचे, ते आठवलं. सर, तेव्हा तुमचा राग यायचा. पुढे नोकरीत मी हीच अदलाबदल केली. दोन्ही तक्ते चौरस, त्यामुळे संगणकाने तक्रार केली नाही आणि चूक शोधण्यात दोन रात्री गेल्या. आजही आधी कागदावर मथळे लिहिते.

त्या दिवशी आण्णांना मी ऐटीत म्हटलं, "मोठा माल बारामतीला आणि बारीक इंदापूरला पाठवला, तर सोमवारचे ७,२०० होतात."

आण्णांनी वही मिटली. "आणि दुसऱ्या टेम्पोचं भाडं तुझा मॅट्रिक्स देणार का?"

ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म मी त्याच आठवड्यात भरला.