स्वमग्न मूल आणि आपली ज्ञाति

(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ह्या व्यासपीठावरून दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो. आमच्या चिरंजीवाचे नाव त्या यादीत आजवर आले नाही, व पुढेही येण्याचा संभव नाही. तरीही कार्यकारी मंडळाने त्याच्याविषयी चार शब्द बोलण्याची आम्हां उभयतांस आज्ञा केली, ह्याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. हे भाषण आम्ही दोघांनी मिळून लिहिले आहे.

प्रारंभीच एक कबुली दिली पाहिजे. गेली कित्येक वर्षे ह्या संमेलनास आमच्यापैकी एकच जण येत असे. आपण आपुलकीने दुसऱ्याची चौकशी करीत असा आणि आम्ही कधी ताप, कधी कचेरीचे काम अशी सबब सांगत असू. ते खरे नव्हते. दुसरा घरी मुलाजवळ बसलेला असे. आज प्रथमच आम्ही दोघेही आलो आहोत, आणि तोही आला आहे. तो ह्या क्षणी बाहेरच्या व्हरांड्यात आपल्या मामांसमवेत बसला आहे.

आमच्या मुलाचा जन्म २००६ सालचा. दीड वर्षाचा होईपर्यंत तो दोनचार शब्द बोलत असे, पुढे तेही बंद झाले. नावाने हाक मारली तर वळून पाहत नसे, पण स्वयंपाकघरात बिस्किटाचा पुडा उघडल्याचा आवाज होताच धावत येई. हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नसे, तर आमचे मनगट धरून तेथवर ओढीत नेई. खेळण्यातली मोटार चालविण्याऐवजी तिचे चाक तासन्‌तास फिरवीत बसे. घरातील वडीलधारी मंडळी म्हणत, ‘बापही उशिराच बोलला होता.’ त्या दिलाशावर आमचे दीड वर्ष गेले. कानांची तपासणी निर्दोष निघाली, आणि त्यानंतर साडेतीन वर्षांच्या वयास निदान झाले : स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम.

पुढचे वर्ष नवस, अंगारे आणि हमखास गुणाच्या पुड्या ह्यांत गेले. शिल्लक टाकलेली रक्कमही त्यातच गेली. आज समजते ते इतकेच की, स्वमग्नता हा औषधाने बरा होणारा रोग नव्हे. मेंदूची घडणच निराळी असते. वाचा-उपचार, दैनंदिन क्रिया शिकविणारे उपचार व योग्य शिक्षण ह्यांनी मूल पुष्कळ शिकते, आणि हे जितके लवकर सुरू होईल तितके बरे. म्हणून ज्यांच्या घरी अशी लक्षणे दिसत असतील, त्यांनी आमच्यासारखी वाट पाहू नये.

‘आई नोकरी करते, म्हणून मूल असे झाले,’ हेही आम्ही ऐकले आहे. हा आरोप आपल्याकडचाच आहे असे नाही. अमेरिकेत लिओ कॅनर ह्यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणावरून ह्या अवस्थेचे वर्णन केले. त्यानंतर कित्येक वर्षे तेथील विद्वानही आईच्या थंड वागणुकीस दोष देत राहिले. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड ह्यांनी त्या मताचे खंडन केले आणि ह्याचे मूळ शरीररचनेत आहे असे मांडले. ते मानसशास्त्रज्ञ तर होतेच, पण एका स्वमग्न मुलाचे वडीलही होते. १९७७ साली इंग्लंडात जुळ्या भावंडांचा अभ्यास झाला, त्यातून आनुवंशिकतेचा भाग स्पष्ट झाला. आईचा दोष विज्ञानाने केव्हाच पुसला आहे. आपल्या बैठकीच्या खोल्यांतून तो अद्याप पुसावयाचा आहे.

आता घराविषयी. मूल बदलावे म्हणून आम्ही प्रथम धडपडलो, आणि मग ध्यानी आले की, आधी घराने बदलावयास हवे. मिक्सरच्या आवाजाने तो कान झाकून किंचाळत असे. म्हणून चटणी तो बागेत गेला असता वाटावयाची, असा नियम झाला. सदऱ्याच्या मानेवरील चिठ्ठी टोचते म्हणून प्रत्येक नव्या सदऱ्याची चिठ्ठी आधी कापावयाची. ताटात भात आणि भाजी एकमेकांस लागता कामा नयेत. कपाटाच्या दारावर आम्ही चित्रांची ओळ लावली : दात घासणे, स्नान, न्याहारी, शाळा, बाग, जेवण, झोप. सुट्टीच्या दिवशी शाळेचे चित्र आदल्या रात्रीच काढून तेथे दुसरे लावावयाचे. पुढे काय होणार हे कळले की तो शांत राहतो, अकस्मात काही बदलले की कोसळतो. त्या कोसळण्यास लोक हट्ट म्हणतात. हट्टी मूल समोरच्याकडे पाहून रडते. आमचा मुलगा अशा वेळी कोणाकडेच पाहत नाही.

वयाच्या सहाव्या वर्षी तो नेहमीप्रमाणे माठाकडे ओढू लागला, तेव्हा शिक्षिकाबाईंनी शिकविल्याप्रमाणे आम्ही त्याच्या हाती पाण्याचे चित्र दिले व ते आमच्या हातात ठेवावयास लावले. कित्येक दिवस हे चालले. एके दुपारी आम्ही दुसऱ्या खोलीत असता तो स्वतः चित्र घेऊन आला. ‘मला पाणी द्या’ हे त्याचे आम्हांस उद्देशून पहिले वाक्य होते. ते चित्र आम्ही अद्याप जपून ठेवले आहे.

ह्या सर्व धडपडीत आमच्या ज्येष्ठ कन्येकडे आमचे दुर्लक्ष झाले, हेही सांगितले पाहिजे. ती भावापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिच्या शाळेच्या पालकसभेस आम्ही क्वचितच गेलो. ‘तू समजूतदार आहेस’ असे म्हणून आम्ही तिचे बालपण लवकर आटोपते घेतले. ज्या घरी असे मूल आहे, त्यांनी आठवड्यातून निदान एक तास दुसऱ्या मुलासाठी राखून ठेवावा. त्या तासात भावाचा विषयही काढू नये.

२०१३ साली आप्तांपैकी एका घरी मुंज होती. बँड वाजू लागताच आमच्या मुलाने कान झाकले व मांडवातच जमिनीवर लोळण घेतली. कोणी म्हणाले ‘फार लाडावला’, कोणी म्हणाले ‘नजर लागली’. त्या दिवसापासून आम्ही त्याला कार्यास नेणे सोडले. आम्हांस वाटे, आपण त्याला त्रासातून वाचवितो. वस्तुतः आम्ही त्याला लपवीत होतो.

कन्येच्या विवाहाची बोलणी सुरू झाली तेव्हा ह्याची किंमत द्यावी लागली. ज्ञातीतील एका वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला, ‘भावाचे एवढ्यात बोलू नका.’ आम्ही तो मानला. पाहुणे पोहे खावयास आले त्या संध्याकाळी मुलाला त्याच्या मावशीकडे ठेवले. पुढच्या भेटीत कन्येनेच त्या मुलास सर्व सांगितले. चार दिवसांनी नकार आला. त्या गृहस्थांनी दूरध्वनीवर स्पष्ट म्हटले, ‘मुलगा तसा आहे म्हणून नव्हे, आपण तो दाखविला नाही म्हणून.’ आम्हांपाशी उत्तर नव्हते. त्या रात्री कन्या म्हणाली, ‘माझ्या लग्नात तो बसणार असेल, तरच मी लग्न करीन.’

त्यानंतर टिपणात आम्ही स्वच्छ लिहिले : ‘भाऊ एक, स्वमग्न.’ कित्येक ठिकाणांहून उत्तरच आले नाही. आम्ही त्यांस दोष देत नाही. आनुवंशिकतेची शंका अगदी निराधार नाही. परंतु हा हिशेब सरळ नसतो, आणि त्याचे उत्तर तज्ज्ञ वैद्यास विचारावे, कुजबुजीस विचारू नये. शेवटी एक कुटुंब आले. मुलाच्या आईने प्रथम प्रश्न केला तो, ‘त्याला खावयास काय आवडते?’ २०२४ साली विवाह झाला. बँड नव्हता. आमचा मुलगा मंगल कार्यालयात दीड तास बसला, आणि ह्या दीड तासाचा आम्हांस जितका अभिमान वाटला तितका दुसऱ्या कशाचाही वाटला नाही.

‘आमच्यामागे काय?’ हा प्रश्न अशा प्रत्येक घरात रात्री जागा असतो. त्याविषयी थोडी उपयुक्त माहिती देतो. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ती प्रथम विचारात घेतली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिचा समावेश झाला. मूल अठरा वर्षांचे झाले की, कायद्याच्या दृष्टीने आईबापही आपोआप पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावे लागते. ‘निरामय’ ह्या योजनेत एक लक्ष रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो. ह्या सर्वांस दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि ते काढावयाचे तर मुलाची अवस्था चारचौघांत मान्य करावी लागते. कित्येक घरे तेथेच अडतात. जावई व कन्या आपण होऊन पुढे आली आहेत, परंतु भाऊ हा बहिणीस दिलेले आंदण नव्हे. म्हणून आम्ही त्याच्या नावे वेगळी तजवीज करीत आहोत.

आता संघास तीन विनंत्या. वधूवर मेळाव्यात कोणासही ‘एवढ्यात सांगू नका’ असा सल्ला आपण देऊ नये. संमेलनाच्या जागी एक शांत खोली राखावी आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज बेताचा ठेवावा. आणि ज्या घरी असे मूल आहे तेथे उपाय सांगण्यास जाऊ नये, दोन तास मुलाजवळ बसण्यास जावे. त्या दोन तासांत त्याचे आईबाप एकत्र बाजारात जाऊन येतील. आम्ही तसे अकरा वर्षे गेलो नव्हतो.

भाषण संपल्यावर व्हरांड्यात जाऊन आपण त्याला भेटावे. तो कदाचित आपल्याकडे पाहणार नाही, नमस्कारही करणार नाही. त्याचा राग मानू नये. क्षणभर शेजारी बसावे, म्हणजे झाले.